लग्न इंग्रजीत कळवताना: ‘विल’ की ‘इज गेटिंग’?

घरात लग्न ठरलं की रजेचा मेल इंग्रजीत लिहावा लागतो. आमच्या टॉवेल निर्यातीच्या ऑफिसात तर परदेशी गिऱ्हाइकांनाही कळवावं लागतं. ‘माय सिस्टर विल गेट मॅरिड ऑन ट्वेल्थ मे’ लिहायचं, की ‘माय सिस्टर इज गेटिंग मॅरिड’? पहिल्यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. शाळेपासून भविष्यकाळ म्हणजे ‘विल’, त्यामुळे हात तिकडेच वळतो. पत्रिकेत ‘द वेडिंग विल टेक प्लेस’ शोभूनही दिसतं.

मला खटकतं ते वेगळंच. तारीख बाजूला ठेवून नुसतं ‘शी विल गेट मॅरिड’ वाचून बघा. काकू आईची समजूत घालतायत असं वाटतं: होईल हो तिचं, योग यावा लागतो! इकडे याद्या झाल्यात, हॉलचा अॅडव्हान्स गेलाय, केटरर रोज पानांचा आकडा विचारतोय, आणि वाक्यात अजून स्थळं बघणं चालू. तारीख घातली की हे बरंच झाकलं जातं, पण माझ्या कानातून काही जात नाही. ‘इज गेटिंग मॅरिड’ म्हटलं की सगळं ठरलंय हे आपोआप कळतं. आपणही ‘रविवारी पुण्याला जातोय’ म्हणतो ते हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट खिशात असतं म्हणूनच.

दिवस मात्र लिहावा, आणि नवऱ्या मुलाचा उल्लेख करायचा तर ‘मॅरिड टू’, ‘विथ’ नको. बोलणी नुसती चालू असतील तर ‘गोइंग टू गेट मॅरिड’ बरं, त्यात मनसुबा येतो, बुकिंग नाही.

साधा वर्तमानकाळ मी आमच्या सोलापूरच्या गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी राखून ठेवलाय. भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह लागतो, सगळं गाव अक्षता टाकतं. तो सोहळा पाहुण्यांना सांगताना ‘टेक्स प्लेस ऑन भोगी’. दरवर्षी ठरलेलंच, तिथे याद्या कोण करणार?

रजेच्या मेलला ‘विल’ही चालेल, साहेब अर्थ लावून घेतात. गिऱ्हाइकाला मात्र मी ‘इज गेटिंग मॅरिड’च लिहितो. त्या आठवड्यात डिस्पॅचचा तगादा जरा कमी येतो, निदान माझा तरी अनुभव तसा आहे.