गच्चीवरचं ठिबक आणि टायमर: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

ठिबकाचं पाणी ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या टायमरच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं. किती प्रोग्रॅम, किती मिनिटं, कोणते सेल, पावसात भिजला तर चालेल का. छापलेलं नसतं ते एवढंच, की आतला व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे आणि तो नीट उघडझाप करायला पाण्याचा दाब किती लागतो. या एका न छापलेल्या ओळीपायी ऐन मे महिन्यात माझी झाडांची पाचशे लिटरची टाकी रात्रीत रिकामी झाली. संध्याकाळची पाळी संपल्यावर व्हॉल्व्ह नीट बंद झालाच नाही. सकाळी वर गेले तर कुंड्यांखालून वाहिलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ वाळून गेले होते, शेवटच्या दोन-तीन ड्रिपरमधून (कुंडीत थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं) अजून थेंब पडत होता आणि टायमरच्या पडद्यावर व्हॉल्व्ह बंद असल्याची खूण दिसत होती.

आमच्याकडे, जुळे सोलापूरात, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाणी आणायचं, त्यात कुठे पाइप फुटला किंवा वीज गेली की पाळी आणखी एक दिवस पुढे. पाणी सुटलं की आधी घरातल्या टाक्या, मग वापराची पिंपं, आणि सगळं भरून वेळ उरला तर झाडांची टाकी. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला 'थोडं पाणी वाया गेलं' वाटेल ते इथे आठवड्याचं नुकसान असतं. पुढचं पाणी सुटेपर्यंत मी भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर मिरच्या आणि वांगी जगवली. टोमॅटो गेले. बोअरचं पाणी होतं, पण आमच्या बोअरला इतके क्षार आहेत की सलग घातलं तर आठवडाभरात पानांच्या कडा करपतात.

किटबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, सगळ्यांच्या ओळखीचंच आहे. १६ मिलिमीटरची काळी नळी, त्यातून निघणाऱ्या ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या, तासाला ४ लिटरचे ड्रिपर, जाळीचा फिल्टर. तीसेक कुंड्या आणि ग्रो बॅगा. टाकी विटांच्या चार फुटी ओट्यावर. किट हजाराच्या आत आलं, टायमर मात्र एकट्याचा बावीसशे. पैसा टायमरवर गेला आणि दगाही त्यानेच दिला.

आता तो व्हॉल्व्ह. स्वस्तातल्या बऱ्याच टायमरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आत रबरी पडदा असतो. सेलवरचं चुंबक फक्त एक बारीक भोक उघडतं किंवा बंद करतं, पडदा उचलायचं आणि परत घट्ट दाबून बसवायचं काम पाण्याच्या स्वतःच्या दाबावर चालतं. दाब असेल तर हे उत्तम आणि सेलही महिनोन्‌महिने पुरतात. दाब नसेल तर पडदा अर्धवट उचलतो किंवा अर्धवट बसतो. माझ्या टायमरच्या माहितीपत्रकात अगदी मागच्या पानावर, डोळ्यांना ताण देऊन वाचावं लागेल अशा अक्षरात, किमान दाब ०.५ बार लिहिलेला सापडला. दहा मीटर उंचीवरून पाणी खाली आलं तर साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे ०.५ बारसाठी टाकी पाच मीटर उंच हवी, सोळा-साडेसोळा फूट. माझ्या ओट्यावर टाकी काठोकाठ भरलेली असतानासुद्धा सात फुटांच्या वर जात नाही, म्हणजे ०.२ बार. टाकी तळाला गेली की ०.१२. गच्चीवरच टाकी आणि गच्चीवरच कुंड्या असणाऱ्या कोणाकडेही याहून फार वेगळं नसणार. आणि खोक्यावरचं चित्र कसलं, तर गच्चीवरच्या बागेचं! चित्र गच्चीचं छापायचं आणि गच्चीवर न चालणारा व्हॉल्व्ह आत घालायचा, याला माझ्या मते फसवणूकच म्हणतात.

कंपनीशी भांडण महिनाभर चाललं. आधी व्हिडिओ मागितला. पाठवला. मग उत्तर आलं की पाण्यात क्षार आहेत, त्यामुळे वॉरंटी बसत नाही. टायमर उघडून न बघता हे त्यांना कसं कळलं, हे मी चार वेगवेगळ्या माणसांना विचारलं आणि चौघांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. मी माहितीपत्रकाच्या त्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा सूर बदलला: किमान दाब लिहिलेलाच आहे, तुम्ही वाचायला हवा होता. खोकं फोडल्याशिवाय हाती न लागणारं पान गिऱ्हाइकाने विकत घेण्याआधी कसं वाचायचं? शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, खोक्याचे फोटो, संभाषण सगळं जोडलं. त्यानंतर मात्र हालचाल झाली आणि बदली टायमर घरी आला. अर्थात तोच, त्याच जातीचा. ज्यांचं असं काही अडलंय त्यांनी बिल जपून ठेवा आणि फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी तक्रार करा, एवढं अनुभवाने सांगते.

इथपर्यंतचं मी जूनच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं आणि खाली निष्कर्ष असा होता की गच्चीसाठी टायमर घेऊच नये, हाताने कॉक फिरवावा. आता ते मत राहिलेलं नाही.

झालं असं, की फिल्टरची जाळी आणायला ठिबकाच्या दुकानात गेले होते. तिथल्या दादांनी टायमर हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला प्रेशर लागतंय. गच्चीवरच्या टाकीला बॉल व्हॉल्व्हचा घ्या की. झिरो प्रेशरवर चालतंय." त्यात रबरी पडदा नसतो. भोक पाडलेला एक गोळा असतो, तो बारीक मोटर फिरवते. भोक नळीच्या रेषेत आलं की पाणी सुरू, आडवं झालं की बंद. दाबाचा संबंधच नाही. चालू-बंद होताना दोन-चार सेकंद घर्रर्र आवाज येतो, तोच मोटर गोळा फिरवत असल्याचा पुरावा. चोवीसशेला घेतला. आधीच्या बावीसशेनंतर पुन्हा एवढे पैसे घालताना जिवावर आलं, पण त्या दिवसापासून टाकी एकदाही अवेळी रिकामी झालेली नाही. दोनशे रुपयांच्या फरकासाठी उभा उन्हाळा हातचा गेला, याचा राग अजून आहे.

या टायमरची एक खोड सांगायलाच हवी. व्हॉल्व्ह उघडा असतानाच सेल संपले तर गोळा उघडाच राहतो. माझा टायमर सेल उतरायला लागले की आधी व्हॉल्व्ह बंद करतो आणि मग थांबतो. सगळ्यांमध्ये ही सोय नसते, घेताना विचारा. रिचार्जेबल सेल वापरून कचरा वाचवावा असं मनात होतं, पण ते १.२ व्होल्टचे असतात आणि माझा टायमर त्यांवर पहिल्या दिवसापासून सेल कमी असल्याचं दाखवतो. म्हणून साधे १.५ व्होल्टचे अल्कलाइन घालते आणि गावाला जायच्या आधी नवे टाकते.

ठिबक म्हणून विचाराल तर मी पूर्ण समाधानी आहे. ४ लिटरचा ड्रिपर ४ लिटर देतो तो १ बार दाबाला. माझ्याकडे किती देतो ते बघायला खाली स्टीलचा पेला ठेवला: टाकी भरलेली असताना दहा मिनिटांत तीनशे मिली, तळाला आल्यावर अडीचशेच्याही खाली. म्हणजे तासाला साधारण दीड ते पावणेदोन लिटर. हे कमी नाही, फक्त वेळ त्या हिशोबाने लावावा लागतो. मे महिन्यात पहाटे अर्धा तास आणि संध्याकाळी वीस मिनिटं, मिळून रोजचं चाळीसेक लिटर. बादलीने घालायचे तेव्हा रोज पाच-सहा बादल्या लागायच्या. निम्म्याने पाणी वाचलं आणि झाडं आधीपेक्षा चांगली आहेत.

याचं कारण मला आपल्या काळ्या मातीत दिसलं. माझ्या कुंड्यांत निम्मी काळी माती आहे, बाकी शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं कोकोपीट. काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि बोटभर फट पडते. मग मगाने पाणी घातलं की ते त्या फटीतून थेट खालच्या भोकाने बाहेर, मुळं कोरडीच. आपल्याला वाटतं, पाणी खाली आलं म्हणजे कुंडी भिजली. ठिबकाचं पाणी इतकं सावकाश पडतं की माती फुगलेलीच राहते, फट पडतच नाही. वरून रसवंतीवरची उसाची चिपाडं वाळवून, तोडून पसरते. ती फुकट मिळतात, फक्त रसाचा गोडवा असेपर्यंत मुंग्या येतात, म्हणून आधी उन्हात कडकडीत वाळवायची. ४२-४३ अंशांच्या दुपारीही चिपाडाखाली बोट घातलं तर माती ओलसर लागते.

ड्रिपर तुंबण्याबद्दल सगळेच विचारतात. तुंबतात. बोअरचं पाणी टाकीत मिसळलं की लवकर, नुसत्या नळाच्या पाण्यावर उशिरा. काळी नळी उन्हात तापते, आत उरलेलं पाणी तापतं आणि क्षार तिथेच धरतात. ड्रिपर उघडला की आतल्या नागमोडी वाटेत पांढरी खर दिसते, नखाने खरवडली तर पीठ निघतं. म्हणून ड्रिपर घेताना उघडता येणारेच घ्यावेत, बंद प्रकारचे तुंबले की फेकावेच लागतात. माझे रात्रभर स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये टाकले आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासले की पुन्हा चालतात.

सांगोल्याच्या मामांचं डाळिंब ठिबकावरच आहे, ते शेतात ॲसिड सोडून नळ्या धुतात. गच्चीसाठी तो उद्योग नको, असं त्यांनीच सांगितलं. मात्र एक गोष्ट करायला लावली: "पोरी, टाकी भरली की नळीच्या टोकाचं बूच काढून पाणी सोडायचं. घाण बसल्यावर काढण्यापेक्षा बसूच द्यायची नाही." पाणी सुटेल त्या दिवशी हे करते. पहिला तांबूस-हिरवट लोट बादलीत धरून लिंबाच्या कुंडीत ओतते. हे सुरू केल्यापासून तुंबणं बरंच कमी झालं. बारीक नळ्या पारदर्शक मिळाल्या होत्या, त्यांत शेवाळ धरलं. त्या काळ्या घेऊन बदलल्या. टाकीवर झाकण पक्कं बसवलं, तेही शेवाळासाठीच.

पिकांचं थोडक्यात सांगते. टोमॅटो मे महिन्यात ठिबक असो नसो, फुलं गाळतोच. दिवस तापलेले आणि रात्रीही गरम असल्या की फळ धरत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तो थंडीतच लावणार. गवार आणि चवळीने उन्हाळा आरामात काढला. सगळ्यांत भारी अंबाडी. बी शेजारच्या अक्कांनी दिलं होतं. पानं खुडली की पुन्हा फुटते आणि उन्हाला दाद देत नाही. ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन केलेली अंबाडी आणि कडक भाकरी, घरच्या गच्चीवरची. अक्कांच्या घरी अर्धी जुडी जाते आणि शेंगाचटणीची वाटी परत येते.

पावसाळ्यात टायमर बंदच ठेवायचा असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवसच्या दिवस नुसते ढग येऊन जातात, खरा पाऊस सप्टेंबरात. आभाळ भरलेलं बघून टायमर बंद केला आणि मिरच्या माना टाकायला लागल्या. आता रोज पहाटेची दहा मिनिटं चालू ठेवते आणि चांगली सर झाली की पाऊस-थांबाचं बटण दाबते. ते दोन दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतं, हे एक सोयीचं आहे.

बदली आलेला सोलेनॉइडवाला टायमर बहिणीला पुण्याला दिला. तिची बाग तळमजल्यावर आणि टाकी तीन मजले वर, म्हणजे दाब १ बारच्या आसपास. तिच्याकडे तो एकदाही अडलेला नाही, थेंबसुद्धा गळत नाही. त्यामुळे तो टायमर वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. खोक्यावर 'किमान दाब ०.५ बार' एवढे शब्द ठळक छापले असते तर तो ज्याच्या त्याच्या जागी गेला असता. कंपनीला मी हेच लिहून पाठवलं, उत्तर आलेलं नाही. परवा बाजारात तेच खोकं पाहिलं. चित्र अजून गच्चीचंच आहे.