ट्रॉलीची पिन: चौदा महिने वापरल्यावर

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्या पिनेचं सांगतोय. चौदा महिन्यांत दोन पिना झाल्या. पहिली साध्या लोखंडी सळईची, 25 मिमी जाड, लेथवर करून घेतलेली. दुसरी तेवढीच जाड, पण तापवून, पाणी देऊन कडक केलेली.

पहिली तुटली नाही, वाकली. खरा दोष हिचचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीचा होता. ट्रॉलीचा डोळा, म्हणजे पुढच्या टोकाची भोकाची कडी, हिचच्या दोन पट्ट्यांमध्ये बसतो आणि पिन तिघांतून आरपार जाते, त्यामुळे पिन कापली जायची तर दोन ठिकाणी कापली जावी लागते. भार निम्मा निम्मा वाटला जातो. पण माझ्या हिचमध्ये डोळ्याच्या वर-खाली बोटभर जागा मोकळी होती आणि ती पिन मधूनच वाकत गेली. आता तिथे जाड वॉशर घातलेत. दुसरी पिन अजून सरळ आहे.

झिजेचं मात्र डोळ्यांना कळत नाही. वरचं मुंडकं नि खालचं टोक नव्यासारखं दिसतं, घासलेला भाग आतच राहतो. पिन पूर्ण बाहेर काढून पुसा आणि नख फिरवा. नख अडकलं तर पायरी पडली आहे. पहिली पिन सात महिन्यांत त्या जागी व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या मापकावर) 23.6 मिमी भरली. दीड मिमीसुद्धा गेलेली नाही, असं वाटेल. पण कापलं जाण्याला तोंड देणारी ताकद जाडीच्या वर्गावर ठरते, म्हणजे 11 टक्के गेली. वाकण्याविरुद्धची ताकद घनावर ठरते; ती 16 टक्के गेली.

कडक पिन सात महिन्यांनी 24.8 मिमी आहे. मला फार आनंद झाला होता, पण डोळ्याचं भोक पाहिलं तर ते लांबट झालेलं! पिन झिजली नाही, तिने भोक खाल्लं. भोक सैल झालं की ब्रेक मारताना आणि गाडी वेग घेताना ट्रॉली आपटते, आणि हे धक्के सरळ ओढीपेक्षा कितीतरी वाईट. शेवटी डोळ्यात बुश, म्हणजे भोकाच्या आत बसणारी नळी, बसवून घेतला, पिनेपेक्षा मऊ. झिजेल तो बुश, आणि तो बदलता येतो.

ग्रीस लावत असाल तर आधी जुनं पुसून काढा. धुळीत मिसळलेलं ग्रीस पॉलिशपेपरसारखं घासतं.

पिनेऐवजी नटबोल्ट घालू नका. आटे कापाच्या जागी आले तर तिथे धातू कमी पडतो, शिवाय ते भोकाला कानशीसारखे घासतात. आणि पिन वर निसटू न देणारी खालची क्लिप सैल झाली की त्याच दिवशी बदला. माझी खड्ड्यात उडाली, पिन अर्धी वर आली होती, तेव्हापासून क्लिपऐवजी कडीची लिंच पिन वापरतोय आणि सेफ्टी चेन, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली धरून ठेवणारी साखळी, लावायची कधीच सोडत नाही.