रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणि एक चंदेरी स्विफ्ट

जुन्या गाडीच्या एखाद्या दाराची शेड वेगळी आहे हे कोणालाही दिसते. ती का वेगळी आहे, हे मात्र विकणारा सांगेल तेवढेच कळते. या परावलंबनाचा कंटाळा येऊन मी रंगाच्या थराची जाडी मोजणारे, खिशात मावणारे एक यंत्र सुमारे साडेतीन हजार रुपयांना मागवले आणि नागपुरात पाहिलेल्या पाच जुन्या गाड्यांवर ते वापरले.

त्याचे टोक पत्र्यावर सरळ टेकवले की क्षणात मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) आकडा येतो. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय प्रेरणाने आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटने (धातूत निर्माण होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाने) मोजते. प्लास्टिकच्या बंपरवर त्याचा काहीही उपयोग नाही. सोबत दोन धातूंच्या चकत्या आणि ठरावीक जाडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या येतात, त्यांवर आधी ते जुळवून घ्यावे लागते. पत्र्याच्या कडेला किंवा तीव्र वळणावर आकडा फसवा येतो, म्हणून प्रत्येक भागावर सपाट जागी पाच-सहा ठिकाणी मोजण्याची सवय मी लावून घेतली. माहितीपत्रकात वापरासाठी ४० अंशांची मर्यादा दिली आहे. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात हे यंत्र सकाळी लवकरच बाहेर काढायचे.

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणपणे ८० ते १५० मायक्रॉन असते. त्यावर एकदा पुन्हा रंग मारला की आकडा २००-३००च्या घरात जातो आणि पोचा बुजवायला पुट्टी भरलेली असेल तर तो ५०० ओलांडून हजाराच्याही पुढे जाऊ शकतो. एवढे लक्षात ठेवून मी मनीषनगरात २०१२ची एक चंदेरी स्विफ्ट पाहायला गेलो. गाडी एमएच ३१ पासिंगची, एकाच मालकाची होती. तिचे डावे पुढचे दार सकाळच्या उन्हात शेजारच्या फेंडरपेक्षा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापेक्षा) स्पष्टपणे गडद दिसत होते, त्यामुळे माझे सगळे लक्ष साहजिकच त्या दाराकडे गेले. तिथे सर्वत्र २२० ते २४० असा एकसारखा आकडा आला. फाटकाला घासल्यामुळे दार रंगवून घेतले, हे मालकाचे म्हणणे त्या आकड्याशी जुळत होते, कारण पुट्टीचा मोठा थर असता तर आकडे असे एका ओळीत राहिले नसते.

मग शेड का जुळली नाही? कारखान्यात नुसत्या सांगाड्यावर रंग साधारण १४० अंशांवर भाजला जातो; गॅरेजमध्ये तयार गाडीतील वायरिंग आणि प्लास्टिक सांभाळायचे असल्याने भट्टी असली तरी ६० ते ८० अंशांच्या पुढे जात नाही. त्यातही चंदेरी रंग सर्वांत अवघड, कारण त्यातील ॲल्युमिनियमचे कण स्प्रे गनचा दाब, अंतर आणि थिनरचे प्रमाण यांनुसार वेगवेगळे बसतात आणि तोच शेड क्रमांक वापरूनही एका कोनातून उजळ व दुसऱ्या कोनातून काळपट दिसतो. शेजारचे पत्रे बारा वर्षे नागपूरच्या उन्हात उभे राहिलेले, ही बाब वेगळीच.

खरा धक्का उजव्या मागच्या क्वार्टर पॅनेलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, बसला. तिथे रंगात तसूभरही फरक नव्हता, पण वरच्या बाजूला १३० आणि चाकाच्या कमानीजवळ ९०० पासून १४०० पर्यंत आकडे आले. कसबी पेंटर नवा रंग शेजारच्या भागावर हळूहळू विरळ करत नेतो आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण भागावर मारतो, त्यामुळे सांधा डोळ्यांना सापडत नाही. म्हणजे शेडचा फरक मुख्यतः काम स्वस्तात झाले एवढेच सांगतो. ठोकर किती मोठी होती, ते सांगत नाही. उलट या भागाचा पृष्ठभाग हाताला जरा जास्तच गुळगुळीत लागत होता. मूळ रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक, सारखा उठाव असतो (तो कसा, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको) आणि इथे तो रबिंग करून घालवलेला होता.

क्वार्टर पॅनेल फेंडरसारखे बोल्ट काढून बदलता येत नाही, ते वेल्ड केलेले असते. म्हणून तिथे मोठा आकडा आला की डिकी उघडायलाच हवी. स्टेपनी काढून चटई उचलली तेव्हा तळाच्या पत्र्याला ठोकून सरळ केलेली चुणी दिसली, सांध्यावरचे सीलंट ब्रशने हाताने फासलेले होते आणि डाव्या बाजूला ओळीने दिसणारे, कारखान्यातल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगचे (स्पॉट वेल्डचे) गोल खळगे उजव्या बाजूला नव्हते. हे दाखवल्यावर मालकांनी मागून धडक बसल्याचे मान्य केले आणि किंमत चाळीस हजारांनी उतरवण्याची तयारी दाखवली. केवळ पुट्टी असती तर मी विचार केला असता. तळ वाकलेला असल्यामुळे नम्रपणे नकार दिला.

यंत्राची एक मोठी मर्यादा या शहरात विशेष जाणवते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. अशा गाडीचा रंग शंभर मायक्रॉनचा, अगदी मूळचा असू शकतो. तिथे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ पाहणे आणि सीटखालच्या बोल्टांचा गंज तपासणे, हाच मार्ग उरतो.

बॅटरीचे झाकण तकलादू आहे, त्याला आता मी मास्किंग टेप लावली आहे. आकड्यांबाबत तक्रार नाही. चार-पाच गाड्या पाहणार असाल तर हे यंत्र जरूर घ्यावे. एकच गाडी पाहायची असेल, तर त्याच पैशांत ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींना दोन तास सोबत न्यावे आणि डिकीची चटई त्यांनाच उचलायला सांगावी.