गॅस तंदूर: रोडग्यांसाठी घ्या, पिझ्झासाठी नको

दारव्ह्याच्या भांड्यांच्या दुकानात याचे साडेतेराशे सांगितले होते, घासाघीस करून अकराशे पन्नासला आणला. ॲल्युमिनियमचं गोल भांडं, तळाला मधोमध भोक, त्यावर ज्वाळ अडवायला पत्र्याची चकती, वर तारेची जाळी आणि घुमटासारखं झाकण. झाकणाला काचेची खिडकी आहे, पण वाफ धरली की तिच्यातून काही दिसत नाही. तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

विजेवरचं ओव्हन काहून नाही घेतलं, असं नणंदबाईंनी विचारलं. त्या अमरावतीला राहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात ऐन स्वयंपाकाच्या वेळी लाइन जाते, आणि असली तरी संध्याकाळी व्होल्टेज इतकं कमी की मिक्सर नुसता घुरघुरतो. त्यावर बाराशे-पंधराशे वॅटचं ओव्हन तापवायचं म्हणजे पोट्ट्यांना उपाशी झोपवायचं.

आता रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, कारण तंदूर घेतला तो त्यांच्यासाठीच. कणीक जाडसर दळून आणलेली हवी, रोजच्या पोळीच्या कणकेचे रोडगे चिवट होतात. ओवा, मीठ, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची. लहान पाऱ्या लाटून, तेलाचा हात फिरवून एकीवर एक गुंडाळायच्या, म्हणजे भाजल्यावर फोडला की पदर सुटतात. तंदूर आधी मोठ्या आचेवर चांगला तापवायचा, मग आच बारीक करून रोडगे मांडायचे. खोड एकच आहे, पण मोठी: मधल्यांचं बूड लाल होतं तोवर कडेचे पांढरेफटक असतात. म्हणून थोड्या थोड्या वेळानं झाकण काढून मधले कडेला न्यायचे, कडेचे मधे आणायचे, आणि प्रत्येक खेपेला पालटायचे. चिमटा लांब दांड्याचाच घ्या. पाऊण तास धरून चाला. एका वेळी चौदा-पंधरा बसतात, घरात खाणारी आठ माणसं, म्हणजे दोन खेपा आल्याच. पहिली खेप फडक्यात गुंडाळून गंजात (पातेल्यात) झाकून ठेवली की दुसरी होईस्तोवर गरम राहते.

वांगे-आलूची तर्रीदार भाजी, वरून सांबार (कोथिंबीर), तुरीचं घट्ट वरण आणि रोडगा चुरून त्यावर तूप. पहिल्या रविवारी मामाजी (माझे सासरे) दोन रोडगे खाऊन म्हणाले, "चांगला झाला व बाई, पण धूर नाई लागला याले." खरं आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगा पुरला की गरम राख त्याला चारही बाजूंनी धरते, पालटायची गरजच पडत नाही. तो वास गॅसवर येत नाही. वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडून धुंगार देऊन पाहिला. भाजीला लागला, रोडग्याला नाही.

दुकानदार एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगते. वावरात रोडगे व्हायचे तेव्हा गोवऱ्या रचणं, भाजणं, राख झटकणं हे सगळं बाप्या माणसांचं काम होतं. आम्हा बायांकडे फक्त भाजी. तंदूर घरात आला आणि सगळंच्या सगळं ओट्यावर आलं, म्हणजे माझ्या आणि जाऊबाईंच्या गळ्यात. म्हणून आम्ही दोघींनी नियम केला: रविवारी रात्री काय खायचं ते ज्याचा नंबर असेल त्यानं ठरवायचं, आणि कणीकही त्यानंच मळायची. गावचा बाजार शुक्रवारचा, त्यामुळे गुरुवारी रात्री चिठ्ठी फ्रिजवर लागलीच पाहिजे. नाही लागली तर खिचडी.

या नियमापायी बरंच काही करून झालं. रताळी सगळ्यांत सरस. सालासकट ठेवायची, हात लावायचा नाही, आतला गोडवा पाकासारखा सालीवर येतो. उपासाच्या दिवशी आता आम्ही उकडतच नाही. सिमला मिरचीत चुनाचा (बेसनाचा) कोरडा झुणका भरून भाजला, तोही जमला, पुतणीच्या डोक्यातला पदार्थ. पिझ्झ्याचं बूड करपतं आणि वरचं चीज तसंच राहतं. तव्यावर झाकण ठेवून यापेक्षा बरा होतो. केक एका अंगाला फुगतो. सांबारवडी तळायच्या ऐवजी भाजू म्हटलं तर पारी पापडासारखी कडक झाली; ती तेलातच जावी. भरताच्या वांग्याला तर उघडी ज्वाळच हवी, त्याला तंदुरात कोंडू नका. पनीरला दही-लिंबू लावणार असाल तर खाली स्टीलची ताटली घ्या, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला लागू देऊ नये.

कुरकुरी आणखी आहेत. झाकणाच्या मुठीचा स्क्रू महिन्याभरात ढिला झाला, दुकानदारानं नवीन फुकट दिला, पण मूठ तापते ती तापतेच. तळ काळा पडतो, राखेनं घासला तरी पहिल्यासारखा होत नाही. भांडं इतकं रुंद आहे की शेगडीचा बाजूचा बर्नर अडतो, त्यामुळे भाजी-वरण आधी उरकून मग तंदूर चढवावा लागतो. आणि १४.२ किलोचं सिलिंडर पूर्वीपेक्षा दोन-तीन दिवस लवकर संपतं, ते हिशोबात धरा.

घरात पाच-सहा खाणारे असतील, शेगडी तीन बर्नरची असेल आणि पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या झाल्यावरही रोडगे हवे असतील, तर जरूर घ्या. जाळी जाड तारेची आहे का ते वाकवून बघा, पातळ तार तापून मधे बसते. दोघा-तिघांच्या घरात अडगळ होईल.

येत्या रविवारी भाऊजींचा नंबर आहे. त्यांनी चिठ्ठीवर "मटण" लिहून ठेवलंय, म्हणजे कणीक मळायला नको. भाकरी कोण थापणार, ते मी अजून विचारलेलं नाही.