भिगवणची मासळी : थाळीला 3.5, घरी नेलेल्या माशाला पूर्ण 5

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणला मच्छी खायला सगळेच थांबतात, मी पण कॉलेजपासून थांबतेय, पण हा रिव्ह्यू थाळीपेक्षा तिथून घरी नेलेल्या मासळीचा जास्त आहे. झालं असं की अण्णांचं (माझे वडील, वय 71) खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आहारतज्ज्ञ म्हणाल्या वजन 60 किलो आहे तर दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. आमच्याकडे दोन वेळा भाकरी, वाटीभर पातळ आमटी आणि भाजी, मोजायला बसलो तर 35 च्या पुढे आकडा जाईना. अंड्याचा वास त्यांना सहन होत नाही, पावडर दोन दिवस घेतली आणि पोट बिघडलं. मासा मात्र लहानपणापासून खातात, तोही नदीचाच, समुद्राची मासळी आमच्या सोलापूरकडे बर्फात दिवस काढून येते ती त्यांना कधीच रुचली नाही.

मग पुण्याहून गावी जाताना पहाटे निघाले आणि आठच्या आत भिगवणला पोचले. उजनी धरणातली मासळी सकाळीच येते, उशीर केला की चांगली जाते आणि उरलेली घ्यावी लागते. त्या दिवशी चिलापी (तिलापिया) 120 रुपये किलो होती, कटला 200, आणि मरळ 450. मी दोन किलो चिलापी आणि एक मरळ घेतली. ज्या मावशींकडून घेतलं त्यांनी न विचारता कल्ले उघडून लालभडक रंग दाखवला, पोटाला बोट दाबून दाखवलं, खड्डा लगेच भरून आला. कुणासाठी नेताय विचारलं, अण्णांचं सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला रोहू नको गं बाई, काटं लय, चिलापीच ने." आणि हे अगदी खरंय. रोहू-कटल्याच्या मांसात मधेमधे बारीक दुफाटी काटे असतात, चिलापीत ते नसतात, मधला काटा आणि बरगड्या काढल्या की झालं. मरळीतही काटे कमी, म्हणूनच आजारातून उठलेल्याला मरळ द्यायची पद्धत पडली असावी.

साफ करायचे 20 रुपये किलोमागे. खवलं, कल्ले, पोटातलं सगळं नीट काढतात आणि पोटाच्या आतली काळी पापडी पण खरवडतात, ती राहिली की कालवण कडवट लागतं, पुण्यातल्या दुकानात मला हे दर वेळी सांगावं लागतं. घरी वजन केलं तर एका किलोची 650 ग्रॅम भरली, त्यातून डोकं आणि काटे सोडून खायचं मांस 400 च्या आसपास. शंभर ग्रॅममागे 19 ग्रॅम धरलं तर साधारण 75 ग्रॅम प्रोटीन झालं, तेही साफ करण्याचे धरून 140 रुपयात. तेवढंच पनीरमधून घ्यायचं तर चारशे ग्रॅम पनीर लागेल आणि फॅट किती जाईल ते वेगळंच. अंडी अजूनही स्वस्त पडतात हे मान्य, पण जो माणूस अंडं खात नाही त्याच्यासाठी आमच्या भागात याहून परवडणारं काही मला तरी सापडलं नाही. ओमेगा-3 बांगडा-तारलीत जास्त असतं, ते चिलापीकडून मागू नका, हा प्रोटीनसाठीचा मासा आहे.

आता खानावळीबद्दल. हायवे सोडून आत गेलं की पत्र्याच्या शेडमधली, घरचीच माणसं चालवतात. चिलापी थाळी 250, त्यात कालवण, एक फ्राय, दोन भाकरी, भात. कालवण उत्तम, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं आणि चिंचेचा आंबटपणा जेमतेम, मासा तुटलेला नव्हता. फ्राय मात्र तेलात बुडालेला होता आणि मसाल्याचा थर इतका की आत मासा आहे की बटाटा कळू नये. भात गार. खाणारे सगळे फ्रायच मागवतात, मी म्हणेन की फ्राय सोडा आणि कालवणाची वाटी परत घ्या.

एक गोष्ट मनाला लागून राहते. भीमेवरचं हे धरण 1980 ला पूर्ण झालं, पाण्याखाली गावंच्या गावं गेली, जमिनी गेल्या, आणि त्याच पाण्यावर भोई समाजासोबत कितीतरी घरं आज जाळं टाकून जगतायत. पण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीतच येतं. मी पुण्यात राहते, म्हणजे माझ्या घरचं पाणी पण त्यात आहे आणि अण्णांच्या ताटात तोच मासा आहे. माझ्या हातात आहे तेवढं मी करते, मासा ताजा बघून घेते, आतडी-कल्ले घरात आणत नाही, पूर्ण शिजवते, गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खाऊच नये. आणि बोटाएवढी कटल्याची पिल्लं कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका प्लीज, कटला दोन-तीन किलोचा होऊ द्या, नाहीतर पाण्यात चिलापीशिवाय काही उरायचं नाही.

नेताना थर्माकोलचा डबा न्या, बर्फ तिथेच मिळतो. सोलापूरपर्यंत तीन तासात मासा अगदी कडक राहिला. आईने हळद-मीठ लावून अर्धा फ्रीझरला टाकला, अर्ध्याचं कालवण केलं. अण्णांनी पहिल्या दिवशी तीन तुकडे खाल्ले, काटा एकदाही लागला नाही. आता आठवड्यातून तीनदा मासा, बाकी दिवस घट्ट डाळ आणि दही असं बसवलंय, वॉकर धरून अंगणापर्यंत जातात. मरळीचं कालवण त्यांना चिलापीपेक्षा आवडलं पण दर वेळी 450 परवडत नाही, महिन्यातून एकदा नेते.

गुगळी मासळी तिथे कुठल्या दिवशी मिळते हे कुणाला माहीत असेल तर सांगा, अण्णा तिची आठवण काढतात आणि मला अजून मिळाली नाही.