मोतीबिंदूची लेन्स: मोनोफोकल की मल्टिफोकल?

ऑपरेशन दोन्हीत तेच: डोळ्यातली गढूळ झालेली लेन्स काढून कृत्रिम बसवायची. बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांचं काम, मग महिनाभर औषधाचे थेंब. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ काही दिवस बंद. खरा फरक त्यानंतर जाणवतो.

मोनोफोकल एकाच अंतराचं नेमकं दाखवते. बहुतेक जण लांबचं निवडतात. मग एसटीची पाटी चष्म्याविना वाचता येते, पण तांदूळ निवडायला, सुईत दोरा ओवायला साधारण +२.५ चा जवळचा चष्मा लागतोच. आईने हीच घेतली आणि लवकर रुळली. तक्रार एकच: घरातले कोपरे किती कळकट आहेत ते आता दिसतं!

मल्टिफोकल डोळ्यात येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या प्रतिमांत वाटून देते. चष्मा बराचसा सुटतो, पण वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येतं. मंद उजेडात अक्षरं फिकी, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती कडी. मेंदूला याची सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. शेजारचे काका दिवाळीतही आकाशकंदिलाभोवती वलयं बघत होते. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचायचे.

किंमतही चांगलीच जास्त. रात्री गाडी चालवणाऱ्याने, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असलेल्याने मल्टिफोकलचा हट्ट धरू नये, असं माझं मत.

सुरुवातीला रंग निळसर दिसणं दोन्हीत सारखंच. पिवळट जुनी लेन्स गेलेली असते. दुखणं वाढलं किंवा अचानक दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.