‘कुठे?’ या एका शब्दासाठी अडीच तास: सदाशिव पेठेतील लॅटिन वर्गाचा अनुभव

सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या माडीवर रविवारी भरणाऱ्या लॅटिन वर्गाचा दुसरा पाठ ‘उबि’ या तीन अक्षरी रोमन शब्दाला वाहिलेला होता, आणि तो मला अतिशय आवडला. ‘उबि’ म्हणजे ‘कुठे’. परंतु मराठीत ‘कुठे आहेस?’ आणि ‘कुठे चाललास?’ या दोन्ही प्रश्नांना एकच शब्द पुरतो, तर लॅटिनमध्ये जाण्याची दिशा विचारताना ‘क्वो’ आणि ‘कुठून’साठी ‘उंदे’ वापरावे लागते, हे बाईंनी फळ्यावर बाण काढून समजावले. ‘उबि’चा ‘जिथे’ हा अर्थ शिकवताना त्यांनी ‘उबि युस, इबि रेमेदियुम’ हे वचन घेतले. जिथे हक्क, तिथे दाद. आमच्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ होते, पण त्यातली ‘जिथे-तिथे’ची जोडी त्यांनीही प्रथमच पाहिली.

सर्वांत रंगला तो व्युत्पत्तीचा भाग. ‘उबि’च्या आरंभीचा ‘क’ गळाला असला, तरी ‘कुठेतरी’ या अर्थाच्या ‘आलिकुबि’त तो टिकून आहे, आणि वेदातला ‘कुह’ त्याचाच नातलग आहे, हे ऐकताना मला खरोखर आनंद झाला.

तक्रार एकच: छापील टिपणांत ‘जेव्हा’, ‘होताच’ हा अर्थ दिलेलाच नाही. कथनपर लॅटिन गद्यात तो वारंवार येतो, त्यामुळे घरी उतारा वाचताना मी दोनदा अडखळलो. टिपणे सुधारावीत; वर्ग मात्र अवश्य लावावा.